रिपोर्ट अडला? दोन पुस्तकं काढा!

संध्याकाळ झाली की नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या, पतसंस्थेच्या नाहीतर दूध संघाच्या ऑफिसात एकच घाई असते: आजचा रिपोर्ट काढा. गाळप किती, वसुली किती, संकलन किती. साहेबांना व्हॉट्सॲपवर हवा, संचालकांना छापील हवा, ऑडिटरला तिसऱ्याच नमुन्यात हवा. २०२४ मध्ये जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, आणि तालुके १४. एवढ्या पसाऱ्यातल्या सहकाराचा हिशेब रोज कुणीतरी एक्सेल, टॅली, क्रिस्टल रिपोर्ट्‌स नाहीतर पॉवर बीआयमध्ये बसवत असतं. त्यातले बरेच जण व्हिडिओ पाहून शिकतात, आणि शिकायला तो मार्ग चांगलाच आहे. पण मार्चअखेरीला मेळ बसेना की उपयोगी पडतं ते टेबलावरचं जाड संदर्भपुस्तक. तेही एक पुरत नाही, दोन लागतात: एक सॉफ्टवेअरचं, दुसरं आपल्या धंद्याचं. त्या दोन्ही पुस्तकांच्या या चटकदार गोष्टी.

शहर आणि ताळेबंद, एकाच सालचे

हिशेबाच्या छापील संदर्भग्रंथांचा मूळपुरुष म्हणजे लुका पाचोली या इटालियन साधूचा गणितावरचा ग्रंथ. त्यात दुहेरी नोंद पद्धतीवर सविस्तर प्रकरण आहे आणि तो व्हेनिसमध्ये छापला गेला १४९४ साली. नगर शहराचा पाया मलिक अहमद निजामशाहाने घातला, त्याचंही साल बऱ्याच इतिहासग्रंथांत १४९४ असंच दिलेलं आहे. (शहराचा स्थापनादिन मात्र २८ मे १४९० धरून साजरा होतो.) पाचोलीने ही पद्धत शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी जे आधीपासून करत होते ते त्याने नीट मांडून दिलं, आणि संदर्भपुस्तकाचं काम हेच. त्याने तीन वह्या सांगितल्या: कच्च्या नोंदीची, रोजनोंदीची आणि खात्यांची. आडतेबाजारातल्या किंवा दाळमंडईतल्या जुन्या मुनिमाला या तीन वह्या दाखवल्या असत्या तर त्याने लगेच ओळखल्या असत्या. कच्ची वही, रोजकीर्द, खतावणी. टॅलीत आज आपण व्हाउचर टाकतो आणि लेजर पाहतो, तेव्हा त्याच तीन वह्यांतून फिरत असतो.

रिपोर्टसाठी जन्मलेल्या भाषा

संगणकाच्या किती भाषा केवळ रिपोर्ट काढायच्या गरजेतून जन्मल्या, हे पाहिलं तर थक्क व्हायला होतं. आयबीएमने १९५९ मध्ये ‘आरपीजी’ आणली. नावाचा विस्तारच रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर. १९७७ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये अहो, वाइनबर्गर आणि कर्निगन या तिघांनी ‘ऑक’ बनवली. तीही फाइलीतून हव्या त्या ओळी उचलून त्यांचा रिपोर्ट बनवायला. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची ‘पर्ल’ आली. तिच्या नावाचा जो विस्तार सांगितला जातो त्यातही ‘रिपोर्ट’ आहेच.

आणि क्रिस्टल रिपोर्ट्‌स? कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये टेरी कनिंगहॅम आणि त्यांचे सहकारी एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोड-प्रोग्रॅम बनवत होते. ग्राहकांना मनासारखे रिपोर्ट काढून देईल असं तयार काही बाजारात मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच बनवलं. सुरुवातीचं नाव होतं ‘क्विक रिपोर्ट्‌स’. पुढे ते व्हिज्युअल बेसिकच्या खोक्यात सोबत येऊ लागलं आणि आपल्याकडच्या गावोगावच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाती पडलं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबल्यावर काचेच्या खिडकीत रिपोर्ट उघडतो, वर छोटं प्रिंटरचं चित्र, पानं पुढेमागे करायचे बाण: अशा कितीतरी खिडक्यांच्या मागे क्रिस्टल असतं आणि वापरणाऱ्याला त्याचं नावही ठाऊक नसतं. आज ते ‘सॅप’ कंपनीकडे आहे.

त्यावरचं जॉर्ज पेक यांचं जाडजूड ‘कम्प्लीट रेफरन्स’ ज्यांनी वापरलंय त्यांना त्याची खुबी माहीत आहे. ते पहिल्या पानापासून वाचायचं नसतंच. शेवटची सूची उघडायची, आपला अडलेला शब्द शोधायचा, त्या पानावर जायचं.

सरासरीने घात केला

आता एक गोष्ट जरा बारकाईने पाहू, कारण साखरेच्या जिल्ह्यात ती फार महाग पडते.

उतारा म्हणजे शंभर टन उसातून किती टन साखर निघाली, ते. समजा पहिल्या दिवशी गाळप ४,००० टन, उतारा १० टक्के. दुसऱ्या दिवशी काही कारणाने गाळप फक्त १,००० टन, उतारा १२ टक्के. आजअखेरचा उतारा किती? रिपोर्ट बनवणारा नवीन असेल तर उताऱ्याच्या रकान्याखाली ‘ॲव्हरेज’ लावतो आणि कागदावर ११ येतात. खरा हिशेब असा: ४०० टन अधिक १२० टन, म्हणजे ५२० टन साखर, ५,००० टन उसातून. उतारा १०.४.

फरक ०.६ चा. दिसायला किरकोळ. पण २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. ०.६ चा फरक म्हणजे क्विंटलला २०.७६ रुपये, टनाला २०७ रुपये ६० पैसे. पाच हजार टनांवर तो १० लाख ३८ हजार होतो. एफआरपी अर्थातच दोन दिवसांच्या नव्हे, हंगामाच्या उताऱ्यावर निघतो. पण चुकीचं सूत्र हंगामभर रिपोर्टमध्ये बसून राहिलं, तर आजअखेरचा आकडा रोज चुकीचा छापला जाणार आणि बिलाच्या दिवशी शेतकरी विचारणार, कागदावर तर जास्त होता! विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

याचं उत्तर क्रिस्टलमध्ये तयार आहे. बेरीज-सरासरीच्या यादीत खाली ‘वेटेड ॲव्हरेज विथ’ असा पर्याय असतो. उतारा हा रकाना घ्यायचा, भार म्हणून गाळपाचे टन द्यायचे, झालं. एक्सेलमध्ये ‘समप्रॉडक्ट’ला एकूण टनांनी भागलं की हेच मिळतं, पॉवर बीआयमध्ये ‘समएक्स’ला. व्हिडिओत हे सहसा निसटतं, कारण व्हिडिओतल्या नमुन्याच्या डेटात विक्रीची रक्कम असते आणि तिची नुसती बेरीज भागते. संदर्भपुस्तकात मात्र सरासरीचे सगळे प्रकार एकाखाली एक मांडलेले असतात. आपण शोधत एक असतो आणि शेजारी दुसरं दिसतं.

पण भार टनांचाच का द्यायचा, हे सॉफ्टवेअरचं पुस्तक सांगणार नाही. ते साखरेच्या धंद्याचं पुस्तक सांगतं.

को ८६०३२ हा पासवर्ड नव्हे

ऊस नोंदीच्या रिपोर्टमध्ये जातीचा रकाना असतो आणि त्यात लिहिलेलं असतं, को ८६०३२. नवीन मुलाला वाटतं हा कुणीतरी दिलेला कोड क्रमांक. खरं तर त्या नावात त्या जातीची जन्मकथा आहे. ‘को’ म्हणजे कोइमतूर, जिथे देशाची ऊस पैदास संस्था आहे. ८६ म्हणजे १९८६ साल. ०३२ हा त्या वर्षीचा अनुक्रमांक. को एम ०२६५ मधला ‘एम’ महाराष्ट्राचा. हीच जात शेतकरी ‘फुले २६५’ म्हणून ओळखतात आणि ती महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची देणगी.

पुढचा रकाना हंगामाचा: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा. जगातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पुस्तकात हे चार शब्द सापडायचे नाहीत. ते सापडतात राहुरीच्या विद्यापीठाच्या ‘कृषिदर्शनी’त. १९६८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ दरवर्षी ही दैनंदिनीवजा पुस्तिका काढतं. लागवडीचे महिने, खतांच्या मात्रा, जातींची वैशिष्ट्यं, सगळं एका ठिकाणी. शेतकऱ्यांसाठी काढलेली, पण कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातही ती हवीच. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो, हे ज्याला माहीत नाही तो लागवडीच्या तारखेवरून तोडणीचा रिपोर्ट बनवताना वर्ष चुकवणार. ‘एकाच आर्थिक वर्षातल्या नोंदी दाखव’ अशी अट घातली की आडसाली ऊस यादीतून गायब होतो, आणि सॉफ्टवेअर कसलीही सूचना देत नाही. त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं.

तलाठ्याचे एकवीस रिपोर्ट

डॅशबोर्ड हा शब्द यायच्या कितीतरी आधी महाराष्ट्रातल्या गावांचा सगळा कारभार ठरावीक नमुन्यांत बसवला गेला होता. गाव नमुना १ ते २१. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो म्हणजे नमुना ७ (अधिकार अभिलेख) आणि नमुना १२ (पिकांची नोंद) एकत्र. फेरफार हा नमुना ६, खातेदारांची नोंद ८-अ. या सगळ्याचा कित्ता म्हणजे अँडरसन साहेबाचं महसुली हिशेबांचं मॅन्युअल. इंग्रज गेले, तलाठ्याचं दप्तर संगणकावर गेलं, सातबारा ऑनलाइन झाला, तरी महसुलातले जाणते लोक शंका आली की अजून ‘अँडरसन काय म्हणतो’ विचारतात.

सहकारातही तसंच. संस्थेचा ताळेबंद कसा दिसावा हे सॉफ्टवेअर कंपनी ठरवत नाही, महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधला ‘एन’ नमुना ठरवतो. सभासद नोंदवहीला ‘आय’ नमुना, सभासदांच्या यादीला ‘जे’ नमुना. पतसंस्थेत नव्याने लागलेल्या कुणालाही माझं हेच सांगणं असतं, की टॅलीच्या आधी हे नियमांचं पुस्तक आण. ‘एन’ नमुन्यात डावीकडे काय आणि उजवीकडे काय हे एकदा कळलं की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये खात्यांचे गट कसे पाडायचे ते आपोआप कळतं. उलट्या बाजूने गेलेल्यांना ऑडिटच्या आदल्या रात्री गट पुन्हा पाडत बसावं लागतं.

किल्ल्यातले चालतेबोलते संदर्भग्रंथ

नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत हाताने लिहिलेली सुमारे हजार पानं. पण तुरुंगात संदर्भ कुठून आणायचे? प्रस्तावनेत त्यांनी सोबतच्या बंदिवानांचे आभार मानले आहेत आणि चौघांची नावं मुद्दाम घेतली आहेत: मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली. इतिहास, फारसी, संस्कृत, बौद्ध तत्त्वज्ञान, कायदा असं सगळं एका आवारात.

प्रत्येक ऑफिसात असा एक जुना माणूस असतोच. कुठल्या सालापासून कुठलं खातं बंद झालं, कुठल्या गटाचं नाव बदललं, हे त्याच्या डोक्यात असतं. तो निवृत्त व्हायच्या आत त्याच्याकडचं वहीत उतरवून घेणं हे कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरच्या खरेदीपेक्षा तातडीचं काम आहे. रकान्याचं नाव, त्याचा अर्थ, कधीपासून सुरू, कुणी बदलला. ही वही म्हणजे संस्थेचं स्वतःचं संदर्भपुस्तक. बाजारात ते विकत मिळत नाही.

पुढील पानावर नेली बेरीज

हाताने लिहिलेल्या कीर्दीचं पान संपलं की तळाला बेरीज मांडून ‘पुढील पानावर’ लिहायचे आणि नव्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’ म्हणून तीच रक्कम घ्यायचे. ऑडिटरची नजर अजूनही ती ओळ शोधते.

आता हीच ओळ क्रिस्टलमध्ये आणा. बेरजेचं साधं फील्ड उचललं आणि पानाच्या तळपट्टीत सोडायला गेलं, तर ते तिथे बसतच नाही. का? कारण क्रिस्टल दोन फेऱ्यांत काम करतं. पहिल्या फेरीत नोंदी वाचतं, गट पाडतं, गटांच्या बेरजा करून ठेवतं. कागदावर मांडणी होते ती दुसऱ्या फेरीत. पान कुठे संपणार हे पहिल्या फेरीत ठाऊकच नसतं, मग पानाची बेरीज तेव्हा कशी होणार? म्हणून बेरीज छपाईच्या फेरीत करायला लावावी लागते. एक सूत्र रक्कम साठवत जातं, दुसरं ती तळाला दाखवतं, तेच पुढच्या पानाच्या माथ्यावर दाखवलं की ‘मागील पानावरून’ तयार. फक्त त्याच पानाची बेरीज हवी असेल तर माथ्यावर साठा शून्य करणारं तिसरं सूत्र लागतं.

कुठलं बटण दाबायचं हे व्हिडिओ दाखवतो. फील्ड का बसत नाही हे चांगलं संदर्भपुस्तक दोन पानांत समजावतं, आणि ती दोन पानं एकदा नीट समजली की पुढचे डझनभर प्रश्न पडतच नाहीत. मला या पुस्तकांविषयी आस्था वाटते ती यासाठी.

डेअरीवरचं इंडेक्स-मॅच

एक्सेलमधलं ‘इंडेक्स-मॅच’ अवघड वाटतं? दूध संकलन केंद्राच्या भिंतीवरचा दरतक्ता बघा. डावीकडे खाली उतरत फॅट, वर आडवी एसएनएफ. ३.५ ची ओळ आणि ८.५ चा रकाना जिथे भेटतात तो आपला दर. ओळ शोधणं हे एक ‘मॅच’, रकाना शोधणं हे दुसरं ‘मॅच’, आणि भेटीच्या चौकटीतला आकडा उचलणं म्हणजे ‘इंडेक्स’. संगमनेर, कोपरगाव, अकोले भागात लहानपणी किटली घेऊन डेअरीवर गेलेल्या प्रत्येकाने हे सूत्र वापरलेलं आहे.

त्याच्याही आधीचं खिशातलं संदर्भपुस्तक म्हणजे अंकलिपी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ज्या आजोबांना औटकी पाठ होती त्यांना साडेतीन रुपये दराचा हिशेब करायला तक्ताही लागत नसे.

एक्सेलच्या गमती, झटपट

एक्सेलमध्ये ६० हा आकडा लिहून त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. असा दिवस कधी उगवलाच नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. ‘लोटस १-२-३’ मध्ये ही चूक होती. त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली.

१८९९ ची तारीख एक्सेल तारीख म्हणून ओळखतच नाही. जुन्या दप्तरांतल्या नोंदी चढवणाऱ्यांनी दिवस, महिना, वर्ष असे वेगळे रकाने करावेत.

रक्कम अक्षरी लिहायचं फंक्शन एक्सेलमध्ये आहे, पण थायलंडच्या बाथसाठी! ‘बाथटेक्स्ट’ असं त्याचं नाव. रुपयांसाठी तयार फंक्शन नाही. क्रिस्टलमध्ये ‘टूवर्ड्‌स’ आहे, पण ते मिलियनमध्ये बोलतं. लाख-कोटी बिनतक्रार बोलते ती टॅली. बंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंका यांना मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा मुलगा भरत याने ते लिहिलं. साल १९८६. भरत गोएंका यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

जुन्या एक्सेलच्या पानावर ६५,५३६ ओळीच मावत. २००७ च्या आवृत्तीपासून १०,४८,५७६ झाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने जुन्या प्रकारच्या फाइलीत कोविडचे अहवाल ओतले आणि १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजलेच गेले नाहीत. ओळींची मर्यादा संदर्भपुस्तकाच्या परिशिष्टात छापलेली असते.

त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी काही मानवी जनुकांची नावं बदलली, कारण ‘मार्च-१’ असं लिहिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकी. हीच गोष्ट सर्व्हे नंबरांची. ५/२ असा गट टाइप केला की त्याची तारीख होते. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा, मग टाइप करायचं.

किसन, निवृत्ती, विठ्ठल एका झुबक्यात

युनिकोडच्या आधी मराठी रिपोर्ट वेगवेगळ्या फॉन्टांत निघत. त्यांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवली जाई. अकारविल्हे यादी काढली की पहिल्या अक्षराला ऱ्हस्व वेलांटी असलेली सगळी माणसं, किसन, निवृत्ती, विठ्ठल, शिवाजी, एका ठिकाणी गोळा होत. युनिकोडमध्ये अक्षर आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते, म्हणून किसन ‘क’ मध्ये जातो. देवनागरीच्या मूळ तक्त्यात एकूण १२८ जागा आहेत. तो एका पानाचा तक्ता छापून भिंतीला लावण्यासारखा आहे. जुन्या फॉन्टमधला डेटा अजून ज्यांच्याकडे पडून आहे त्यांनी तो आधी बदलून घ्यावा. कितीही महाग रिपोर्टिंग सॉफ्टवेअर घेतलं तरी त्याशिवाय मराठी यादी सरळ लागणार नाही.

पाण्याचा ताळेबंद

जिल्ह्यातला मला सर्वांत आवडणारा रिपोर्ट पैशाचा नाही. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गाव दरवर्षी पाण्याचं अंदाजपत्रक मांडतं. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, विहिरींची पातळी किती. आधी पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग उरलेल्यात कुठली पिकं बसतात ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस आणि केळी नाही. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, एवढे तीन आकडे गावातल्या प्रत्येकाला कळतात आणि त्यावर निर्णय होतो. बिझनेस रिपोर्टिंगच्या पुस्तकांत पहिल्या प्रकरणात जे तत्त्व असतं, की वाचणाऱ्याने काय ठरवायचं आहे ते आधी विचारा, ते इथे प्रत्यक्षात पाहायला मिळतं.

वारणेचा धडा

१९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या वारणा परिसरातल्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक, त्यावर शेतकऱ्याला उसाचं वजन, बिल पाहता यावं अशी योजना. पुढे अभ्यासकांना दिसलं की लोक ते संगणक मोजक्याच साध्या माहितीसाठी वापरतात, तेव्हा तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली आणि ती जास्त सोयीची ठरली. शेतकऱ्याला हवा होता एका ओळीचा रिपोर्ट.

मग कुठलं घ्यायचं?

‘डॉस फॉर डमीज’ १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि पिवळ्या-काळ्या पुस्तकांची रांगच लागली. ओ’रायली प्रकाशनाच्या पुस्तकांवर जुन्या कोरीव चित्रांतले प्राणी असतात. ‘ऑक’वरच्या एका पुस्तकावर लाजवंती आहे, हाच चिमुकला निशाचर आपल्या दक्षिणेकडच्या जंगलांत राहतो. आणि भारतभर कॉलेजांत गाजलेलं ‘लेट अस सी’ लिहिलं नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी. ही झाली शिकवणीची पुस्तकं. पायऱ्या चढायला उत्तम. चढून झाल्यावर जवळ ठेवायचं ते संदर्भपुस्तक.

खरेदी करताना माझा हिशेब सरळ आहे. एसक्यूएलवरचं चांगलं पुस्तक बिनधास्त घ्या, जुनी आवृत्ती मिळाली तरी चालेल. या भाषेचा पहिला आराखडा १९७४ मध्ये आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी मांडला आणि तिची ‘सिलेक्ट’, ‘ग्रुप बाय’ ही वाक्यं अजून तशीच चालतात. पॉवर बीआयची सूत्रांची भाषा ‘डॅक्स’ शिकायची तर रुसो आणि फेरारी यांचं ‘डेफिनिटिव्ह गाइड’, तेही दुसरी, म्हणजे २०१९ ची आवृत्ती. पॉवर बीआयच्या बटणांची चित्रं असलेलं पुस्तक मात्र विकत घेऊ नका. ते सॉफ्टवेअर महिन्या-महिन्याला बदलतं, चित्रं लगेच जुनी होतात. त्यासाठी व्हिडिओच बरे. एआयला विचारायलाही हरकत नाही, पण ते कधीकधी अस्तित्वातच नसलेलं फंक्शन ठामपणे सांगतं, तेव्हा त्याने दिलेलं नाव पुस्तकाच्या सूचीत सापडतं का ते पाहून घ्यावं.

मराठी प्रकाशकांना एक कळकळीची विनंती. आपल्याकडच्या संगणकाच्या पुस्तकांत पुढे अनुक्रमणिका असते, पण मागची शब्दसूची बहुधा नसते. तिच्याशिवाय पुस्तक एकदा वाचून होतं आणि कपाटात जातं. एमएस-सीआयटी करून ऑफिसात लागलेल्या मुलीला ‘आजअखेर बेरीज’, ‘पान तुटणं’, ‘रिकामी ओळ’ हे मराठीतून शोधता आलं पाहिजे.

धंद्याच्या पुस्तकांसाठी फार लांब जायला नको. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ पासूनचं आहे. सहकार कायदा, महसुली नियम, जिल्ह्याचं गॅझेटिअर असे ग्रंथ आधी वाचनालयात चाळून पाहावेत, रोज लागणारं मग विकत घ्यावं. ‘कृषिदर्शनी’ राहुरीच्या विद्यापीठात मिळते. दरवर्षी नवी घ्यायची, कारण जाती आणि शिफारशी बदलतात, आणि ऊस नोंदीच्या मास्टरमध्ये त्या वर्षी आलेली नवी जात हंगाम सुरू व्हायच्या आधी चढवून ठेवायची.